दोन मोटरची इलेक्ट्रिक गाडी आणि रिजन : या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडी घेऊ पाहणारे ओळखीचे लोक सल्ल्यासाठी फोन करतात, तेव्हा बहुतेकांचे गणित एकाच जागी चुकलेले असते. रिजन म्हणजे पाय उचलला किंवा ब्रेक लावला की मोटरनेच गाडी मंदावून वीज बॅटरीत परत पाठवणे. मोटर दोन असतील, तर ब्रेक लावताना वीजही दुप्पट परत मिळेल, असे ते धरून चालतात. परत मिळणारी वीज मोटरच्या संख्येवर नव्हे, तर गाडीचे वजन, वेग आणि उतार यांवर अवलंबून असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या २ टनांच्या गाडीत सुमारे ०.०८ युनिट गतिज ऊर्जा असते आणि रहदारीतल्या हलक्या ब्रेकमध्ये ती झेलायला एक मोटर पुरते. दुसरीचा उपयोग जोराचा ब्रेक लागतो तेव्हा किंवा रस्ता ओला असतो तेव्हा होतो, कारण ब्रेक लावताच भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि केवळ मागच्या चाकांवर रिजन असलेल्या गाडीची पकड लवकर संपते.

याहून मोठी चूक म्हणजे उतारापूर्वी बॅटरी पूर्ण भरणे. गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्यांच्या दोन मोटरच्या गाडीतून आम्ही पुण्याहून मुंबईला निघालो होतो. लोणावळ्यात ८० टक्के चार्ज झाल्यावर मी निघू या म्हटले, पण त्यांना शंभरचा आकडा पाहायचाच होता, म्हणून आम्ही खूप वेळ थांबलो. पुढे जुन्या रस्त्याने बोरघाट उतरू लागलो, तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय काढूनही गाडी मंदावेना, कारण भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नव्हती आणि त्यामुळे दोन्ही मोटर असून नसल्यासारख्या झाल्या होत्या. रिजनच्या सवयीमुळे त्यांचा पाय ब्रेककडे उशिरा वळत होता, आणि खोपोलीला पोहोचेपर्यंत ब्रेक पॅडचा जळका वास आत येऊ लागला. लोणावळा ते खोपोली हा उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा आहे, म्हणजे २ टनांच्या गाडीत जवळजवळ ३ युनिट स्थितिज ऊर्जा साठलेली असते. तिचा मोठा भाग परत मिळू शकला असता, तो आम्ही ब्रेकच्या डिस्क तापवण्यात घालवला. मी घाटमाथ्यावर ८० टक्क्यांच्या वर चार्ज करत नाही आणि घाई असलेल्या माणसाने तर मुळीच करू नये, कारण शेवटचे २० टक्केच सर्वांत हळू भरतात.

दोन मोटरची गाडी वीज नेहमी बरीच जास्त खाते, हेही सरसकट खरे नाही. टाटा हॅरियर ईव्हीच्या ७५ युनिटच्या बॅटरीवर एका मोटरची प्रमाणित रेंज ६२७ किलोमीटर आणि दोन मोटरची ६२२ आहे. उलट बीवायडी सीलमध्ये ८२.५६ युनिटच्या त्याच बॅटरीवर हे आकडे ६५० आणि ५८० आहेत. या दोन्ही गाड्यांच्या दोन मोटरच्या आवृत्तीत पुढची मोटर इंडक्शन प्रकारची आहे. तिच्यात कायमचे चुंबक नसल्याने काम नसताना ती जवळजवळ मोकळी फिरते, तर कायमचुंबकी मोटर रिकामी फिरतानाही थोडी ओढ निर्माण करते. म्हणून केवळ मोटरची संख्या न मोजता दुसरी मोटर कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यामुळे रेंज प्रत्यक्षात किती घटते, हे विचारावे.

रिजन सर्वांत जोरात ठेवले की रेंज वाढते, असे नवखे चालक मानतात. चाकापासून बॅटरीपर्यंत आणि पुन्हा चाकापर्यंत जाताना ऊर्जेचा बराच भाग वाया जातो, त्यामुळे सिग्नल दुरून दिसताच पाय उचलून गाडी नुसती घरंगळू देणे हे भरधाव जाऊन शेवटी रिजनने थांबण्यापेक्षा अधिक किफायतशीर असते. मी शहरात रिजनचा मधला टप्पा आणि सपाट महामार्गावर सर्वांत कमी टप्पा ठेवतो.

ताशी ८० ऐवजी ११० ने गेल्यास हवेचा अडथळा जवळजवळ १.९ पट होतो आणि तो खर्च कोणतेही रिजन भरून काढत नाही. टायरमधील हवा दर पंधरवड्याला तपासावी. दहा किलोमीटरच्या प्रवासावरून गाडीची कार्यक्षमता ठरवू नये.

डिस्क मात्र विसरू नयेत. रिजनमुळे त्या क्वचितच वापरल्या जातात आणि कोकणातल्या दमट हवेत त्यांवर लवकर गंज चढतो, म्हणून मी आठवड्यातून एकदा मागे कोणी नाही हे पाहून रिकाम्या रस्त्यावर चार-पाच वेळा जरा जोराने ब्रेक लावतो.