घासून चकचकीत केलेले हेडलाइट पुन्हा पिवळे पडतात? या चुका टाळा

दिवाळीच्या आधी घासून आरशासारखे केलेले हेडलाइट पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा पिवळट दिसू लागले, की शिव्या पॉलिशवाल्याला बसतात. त्याच्या हातात दोष नसतो. काम अर्ध्यावर सोडलेलं असतं, एवढंच.

आपण काच म्हणत असलो तरी आजच्या गाड्यांचे हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक हलकं असतं, खडी उडून लागली तरी सहसा फुटत नाही, पण अतिनील किरणांपुढे टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ, कडक, पारदर्शक थर चढवतात. (ॲम्बॅसडरला हे दुखणं नव्हतं, तिची काच खरोखर काच होती.) वॉटर पेपरने घासताना पिवळेपणाबरोबर हा थरही जातो. खाली उरतं ते उघडं प्लास्टिक, आणि वर ग्वाल्हेरचं ऊन. नवा थर चढवला नाही तर काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

‘धुक्यात पिवळा उजेड बरा असतो, राहू दे,’ असंही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ऐकायला मिळतं. पिवळट, धुरकट झालेली काच प्रकाश अडवते आणि इकडेतिकडे विखुरते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मुरैनाकडे निघालात तर समोरचा रस्ता कमी दिसेल आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतील.

टूथपेस्ट, डासांचं औषध आणि वाफ

टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणी. वरवरचा मळकटपणा निघतो, संरक्षण शून्य. अंगाला लावायचं डासांचं औषध त्याहून वाईट, कारण त्यातलं डीट प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ करतं. चार दिवस चमक दिसते, मग चिकटपणा आणि डाग. सध्या चलती आहे ती वाफेच्या पॉलिशची. त्या बाटलीत सहसा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखा द्रावक असतो. त्याची वाफ प्लास्टिकचा वरचा भाग वितळवून गुळगुळीत करते, म्हणून पाहताना जादू वाटते. पण त्याने अतिनील किरण अडत नाहीत, पुढे बारीक तडे जाऊ शकतात, आणि ती वाफ फुप्फुसात गेलेली चांगली नाही. बंद गॅरेजमध्ये तर हा उद्योग नकोच.

थर कोणता, त्यावर घासणं ठरतं

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं लॅकर, लावायचं असेल तर काच आरशासारखी करू नका. क्लिअरला धरायला बारीक खरखरीतपणा लागतो. साधारण १००० ते १५०० नंबरच्या पेपरवर थांबा. डब्यावर वेगळा नंबर दिला असेल तर तो माना. कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, मारून गुळगुळीत केलेल्या काचेवर मारलेलं क्लिअर पुढे पापुद्र्यांनी सुटतं. घासल्यावर काच पांढुरकी दिसते तेव्हा घाबरू नका, पाणी मारून पाहा. ओली असताना स्वच्छ दिसली तर क्लिअरखालीही तशीच दिसेल. ओली असतानाही ओरखडे दिसले, तर आधीच्या जाड पेपरच्या खुणा राहिल्या आहेत.

पीपीएफ, म्हणजे वरून चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, किंवा सिरॅमिक कोटिंग यांचं गणित उलटं. ते ओरखडे झाकत नाहीत, म्हणून तिथे २०००, ३००० आणि शेवटी कंपाउंड, अशी पूर्ण चमक आधी आणावी लागते. फिल्म अतिनील किरण अडवणारी, टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकचीच घ्या. स्वस्त पीव्हीसी फिल्म स्वतःच पिवळी पडते. नुसतं वॅक्स काही आठवडे पुरतं. ते लावायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका.

जुना थर अर्धवट काढणं ही दुसरी मोठी चूक. घासताना पाणी पिवळट येतंय तोवर जुना थर निघतो आहे. पांढरं येऊ लागलं की खालचं प्लास्टिक लागलं. मध्येच थांबलात तर क्लिअरखाली नकाशासारखे डाग कायमचे दिसतात. पुसायला थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोन नको, त्याने जाळीसारखे तडे जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ मायक्रोफायबर पुरे. डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉन स्प्रेचा हात काचेला लागला असेल, तर क्लिअरमध्ये गोल खड्डे पडणारच.

वेळही पाहा. जूनच्या भर दुपारी लू चालू असताना मारलेलं क्लिअर हवेतच सुकतं आणि खरखरीत बसतं, वर धूळ चिकटते ती वेगळी. श्रावणातल्या दमट हवेत ते दुधाळ होऊ शकतं. दिवाळीच्या आसपास किंवा होळीआधी, सकाळी ऊन बेताचं असताना करा. दोन-तीन पातळ हात, मध्ये डब्यावर सांगितलेली विश्रांती. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि कापडी मास्क ते अडवत नाही, तेव्हा हे काम नीट मास्क वापरणाऱ्या पेंटरकडूनच करून घेतलेलं बरं.

पुन्हा बिघडलंच, तर

सगळीकडे एकसारखा पिवळेपणा आला तर वर थर नव्हताच, किंवा नावापुरता होता. कडेने पापुद्रे सुटले तर खालची तयारी कमी पडली. वरून आणखी एक हात मारून ते मिटत नाही, सगळं काढून नव्यानेच करावं लागतं. धुरकटपणा आतून असेल तर बाहेरून कितीही घासा, फरक पडणार नाही. सील आणि मागचं रबरी झाकण तपासा. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब बसवला असेल तर तो आधी काढा. त्याच्या उष्णतेने आतला रिफ्लेक्टर जळतो, वायरिंगही तापतं.

एकच दिवा जास्त पिवळा असेल तर गाडी कुठे उभी राहते ते पाहा. लष्कर भागातल्या जुन्या घरांना पोर्च नाही, गाडी गल्लीतच. मग तिचं तोंड भिंतीकडे किंवा उत्तरेकडे ठेवा. कव्हर उत्तम, पण धुळीच्या गाडीवर ओढलं तर तीच धूळ नवा थर ओरबाडते. जुनी चादर बॉनेटवरून पुढे सोडली तरी चालते. शेजारी हसतील, हसू द्या.

काम करताना दिवा काढला असेल, तर बसवल्यावर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही झोत एकाच उंचीवर पडतात का ते पाहा आणि स्क्रूने जुळवून घ्या.