ठासणीच्या बंदुकीची केप: आधी निपल बघा, मग डबी घ्या

भात पोटरीला आलं की दरवर्षी हा विषय निघतोच. रात्री मळ्यात उभं राहून चाप दाबायचा, घोडा पडतो, नुसतं टक् होतं आणि बार काही उठत नाही, मग दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चर्चा की यंदा पावडरच भिकार आलीय. आमच्याकडे एक जुने शेतकरी आहेत, ते म्हणतात, "बार उठलो नाय की सगळे पावडरीक गाळी घालतत, केपेकडे कोण बघणा नाय." अगदी खरंय. फुसक्या बारामागे पावडरीपेक्षा केप आणि ती जिच्यावर बसते ती पोकळ खुंटी, म्हणजे निपल, यांची न जमलेली जोडी नाहीतर निपलच्या भोकातली घाण हेच जास्त वेळा असतं, आणि आपण मात्र पुढच्या वेळी पावडर बदलतो नाहीतर मूठभर जास्त ओततो, जे सगळ्यात वाईट.

आधी कायद्याचं, थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेती संरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून पावडर ठासून भरायच्या, बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आपल्याकडचे बहुतेक परवाने त्यातलेच. केपसुद्धा दारूगोळ्यातच मोडते, त्यामुळे परवाना दाखवून परवानाधारक दुकानातूनच घ्यायची, परवान्यावर जेवढी लिहिलीय तेवढीच, आणि घेतलेली नोंद करून. कुणीतरी ओळखीने आणून दिलेल्या सुट्या केपा नकोतच, त्या किती जुन्या आणि कुठे ठेवलेल्या काही कळत नाही. आणि रानडुक्कर असलं तरी १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावरावर बार टाकता येत नाही, गव्याचं तर नावच काढू नका. वानर हाकलायला आवाजाचा बार वेगळा, तरी ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांना माहीत असलेलं बरं.

आता केप. दिसायला एवढीशी तांब्याची टोपी, आत तळाला स्फोटक मिश्रणाचा पातळ थर. घोडा आदळला की थर निपलच्या टोकावर चेपतो, पेटतो, आणि जाळ निपलच्या भोकातनं खाली नळीतल्या पावडरीपर्यंत जातो. बस्स, एवढंच काम. गारगोटीच्या बंदुकीत आधी बाहेर भडका व्हायचा आणि तो बघून पाखरं उडून जायची म्हणून स्कॉटलंडच्या फोर्सिथ नावाच्या एका पाद्र्याने अशा आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं, तांब्याची टोपी त्यानंतर आली. म्हणजे शिकारीचं वेड पाद्र्यांनाही होतं.

दुकानात साधारण दोन मापं ऐकायला मिळतात, दहा नंबर आणि अकरा नंबर. शेतीच्या बंदुकांना बहुधा अकरा नंबर लागते. जुन्या लष्करी धाटणीच्या बंदुकांची केप वेगळीच, मोठी, खाली कडा पसरलेली, टोपीसारखीच दिसते, तिला मस्केट केप म्हणतात आणि तिला निपलही मोठं लागतं. पण नंबरावर आंधळा विश्वास ठेवू नका. एका कंपनीची अकरा दुसऱ्या कंपनीच्या अकरापेक्षा जराशी सैल किंवा घट्ट निघते, आणि आपल्या बंदुका तर बऱ्याचशा हाताने बनवलेल्या, आजोबांच्या काळातल्या, प्रत्येकीचं निपल वेगळं, आट्यासुद्धा वेगळ्या. म्हणून शेजाऱ्याला चालते ती डबी आपल्याला चालेलच असं नाही. दुकानात जाताना बंदूक रिकामी करून, कव्हरात घालून, परवान्यासकट घेऊन जा, नाहीतर निदान निपल काढून खिशात टाकून न्या.

बसते की नाही ते कसं बघायचं? केप निपलवर अंगठ्याने सरळ दाबायची, बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला आणि नळी रिकामी. ती तळापर्यंत टेकली पाहिजे, आणि बंदूक उलटी धरून हळूच हलवली तरी पडता कामा नये. दोन्ही जमलं तर जोडी जमली. सैल असेल तर गडगा ओलांडताना कुठेतरी गळून पडते आणि ऐन वेळी निपल बोडकं. लोक मग केप चिमटून लांबट करतात, काम चालतं तेवढ्यापुरतं, पण चिमटलेली केप वाकडी बसते आणि सवय लागली की खरा दोष तसाच राहतो. घट्ट असेल तर वेगळाच प्रकार होतो, पहिल्यांदा घोडा पडतो तेव्हा त्याची सगळी ताकद केप खाली बसवण्यातच जाते, आणि दुसऱ्यांदा पाडला की बार उठतो. "पहिल्याला कधीच उठत नाही, दुसऱ्याला हमखास" असं ज्याच्या बंदुकीचं होतं त्याने पावडर सोडून निपलचं टोक बघावं. बहुतेक वेळा केप न लावता रिकामा घोडा पाडून पाडून ते टोक चपटं होऊन बाजूला फुगलेलं असतं. पोरं घोड्याशी खेळतात ना, त्याचा परिणाम. त्यावर सैल केप शोधत बसण्यापेक्षा नवीन निपल बसवून घ्या, फार खर्चाचं काम नाही, पण परवानाधारक कारागिराकडूनच, घरी कानस मारून नाही.

निपलचं भोकही बघा. नवीन निपलला खाली सुईएवढं बारीक भोक असतं, गरम वायूने ते वर्षानुवर्षं खात जातं आणि मोठं होतं. मग बार उठला की जाळ उलटा येतो, घोडा मागे ढकलला जातो आणि केपेचे तांब्याचे तुकडे तोंडाकडे उडतात. घोड्याच्या तोंडाला जी वाटीसारखी खोल जागा असते ती हे तुकडे अडवायलाच असते, ती झिजून सपाट झाली असेल किंवा घोडा निपलवर तिरका पडत असेल तर कुठलीही महागाची केप घेतली तरी उपयोग नाही. चष्मा लावा, साधा गॉगल असला तरी चालेल, रात्री नंबर नसलेला पांढरा. कोणी हसलं तर हसू दे.

"कडक" केप घ्यायची का, हे विचारणारे खूप असतात. मॅग्नम लिहिलेल्या केपा मिळतात, त्यांचा जाळ जास्त असतो. पण काळी पावडर, म्हणजे सोरा, कोळसा, गंधकाची, ती ठिणगीलाच पेटते, तिला एवढा जाळ लागत नाही. कडक केप लागते ती पायरोडेक्ससारख्या पर्यायी पावडरींना, त्या पेटायला जरा हट्टी असतात. काडतुसाच्या जुन्या रायफलींतही हेच दिसतं, अमेरिकेत पंचेचाळीस-सत्तरसारख्या १८७३ मधल्या काडतुसांत काळी पावडर भरून नेमबाजी करणारे लोक कितीतरी वेळा मुद्दाम मवाळ प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली केप, वापरतात, रायफलीच्या जागी पिस्तुलाचा, कारण जाळ कमी असला की पावडरीचा थर विस्कटत नाही आणि प्रत्येक गोळी साधारण सारख्या वेगाने जाते असा त्यांचा अनुभव. आपल्याकडे स्वतंत्र परवान्याशिवाय काडतुसं घरी भरणं गुन्हा आहे, ते करायला जाऊ नका, पण धडा घेण्यासारखा आहे. आपल्या बंदुकीला साधी अकरा नंबर ताजी आणि नीट बसणारी असली की पुरे. कडक केपेने खराब निपलचा दोष झाकला जातो, जात नाही.

आणि एक, काडतुसातली बिनधुराची पावडर ठासणीत कधीही नाही. नळी फाटते, हात जातो. तसंच खेळण्यातल्या टिकल्या आणि काडेपेटीचा गूल केप म्हणून वापरायचे जुगाड काही ठिकाणी चालतात, ते नकोच, ते मिश्रण भलत्या वेळी पेटू शकतं आणि निपलही खातं.

डबी उघडल्यावर एक केप उजेडात तिरकी धरून आत डोकावा. थर एकसारखा, कडेपासून कडेपर्यंत, वरचं लाखेचं किंवा वर्खाचं आवरण शाबूत, तडा नाही, हे बघायचं. काडीने टोचायचं मात्र नाही. बाहेरून तांबं काळपट झालं तर फारसं बिघडत नाही, पण हिरवट पांढरी बुरशी आलीय, आतला थर सुटून डबीच्या तळाला भुकटी पडलीय, तर ती डबी दुकानदाराला परत. उन्हात वाळवायची नाही, आणि चुलीच्या उबेला ठेवायची तर अजिबात नाही. आपल्याकडे पावसाळ्यात काहीही कोरडं राहायला हवं असलं की चुलीवरच्या माळ्यावर टाकायची पद्धत आहे, सोलं ठेवा, सुकी मच्छी ठेवा, केप आणि पावडर नाही. घट्ट झाकणाचा मूळ डबा, त्याच्याबरोबर सिलिका जेलची पुडी, कुलुपाच्या कपाटात, पावडर एकीकडे आणि केपा दुसरीकडे. आगोटीची खरेदी करताना केपांचंही बघून ठेवा पण जास्त साठवू नका, वेंगुर्ल्यापासून राजापूरपर्यंत किनारपट्टीला जून ते सप्टेंबर जी हवा असते तिच्यात उघडी राहिलेली डबी दिवाळीपर्यंत चांगली राहील ही अपेक्षाच चुकीची.

आता खरी कसोटी, पान हलवायची. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री: गज, म्हणजे ठासायची सळई, नळीत सोडा, टेकला की नळीच्या तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीला लावून बघा. गजाचं टोक निपलच्या जागेपर्यंत पोचत असेल तर रिकामी, चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे, थांबा. मी तर गजावर रिकाम्याची रेघच कोरून ठेवलीय. रिकामी असेल तर आतलं तेल कोरड्या चिंधीने पुसा, केप लावा, तोंड जमिनीपासून वितभर अंतरावर, समोर आंब्याचं वाळकं पान, आणि चाप दाबा. पान उडालं तर वाट मोकळी. केप कडकन वाजली पण पान जागचं हललं नाही तर भोक तुंबलंय. केप फुस्स करून विझली तर केप खराब. एवढी सोपी परीक्षा आहे पण कोणी करत नाही. नवीन डबीतल्या दोन-तीन केपा यात घालवा, फुकट जात नाहीत.

भोक तुंबतं कशाने? तेलाने, आणि आपल्याकडे खास करून खोबरेलाने. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि दोडामार्ग, सावंतवाडीकडे डिसेंबरच्या पहाटे तेवढा गारठा असतोच. संध्याकाळी तेल लावलेली बंदूक पहाटे काजूत घेऊन गेलात की निपलच्या भोकात पांढरी मेणासारखी गुठळी बसलेली असते. चिंधीवर नळीसाठी खोबरेल ठीक, पण बरेच दिवस ठेवायची असेल तर पातळ मशीनचं तेल, आणि वापरण्याआधी ते पूर्ण पुसलेलं, भोकात पिन फिरवलेली.

केप लावायची सगळ्यात शेवटी, जागेवर उभं राहिल्यावर. लावलेल्या केपेने साकव ओलांडायचा नाही, गाडीत बसायचं नाही, घरात यायचं नाही. बार उठला नाही तर लगेच खाली घेऊन बघायला जाऊ नका, कधी कधी आत धुमसत असतं आणि उशिरा उठतो. तोंड तसंच समोर धरून निदान एक-दोन मिनिटं मनात मोजा, मग जुनी केप काढून नवीन लावा. दोनदा तीनदा करून नाही उठला तर केप काढा, नळीत तोंडाकडून पाणी ओता, पावडर भिजू द्या, आणि आतला बार कारागिराकडून काढून घ्या. गजाने ठोकायचं नाही. ओली पावडर वाळली की पुन्हा पेटू शकते हे लक्षात ठेवा.

धुण्याबद्दल. हल्लीच्या केपांच्या डबीवर नॉन-करोझिव्ह लिहिलेलं असतं, ते खरंही आहे, जुन्या केपांत क्लोरेट असायचं, त्याच्यातनं मिठाच्या जातीचा क्षार राहून लोखंड गंजायचं, आता तसं नाही. म्हणून काही जण धुतच नाहीत. पण पावडरीचं काय? काळी पावडर जळून जे उरतं त्यात निम्म्याहून जास्त घट्ट राख-क्षारच असतो, हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. रात्री बार टाकला आणि बंदूक तशीच भिंतीला टांगली तर सकाळपर्यंत नळीच्या तोंडाशी तांबूस पट्टा दिसायला लागतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. निपल काढा, नळीत साबणाचं गरम पाणी, चिंधी बांधलेला गज वरखाली, सडक्या अंड्याचा वास येईल, येऊ दे, पाणी स्वच्छ येईपर्यंत करा. मग कढत पाण्याचा एक शेवटचा हात, नळी तापली की आपोआप लवकर सुकते, कोरडी चिंधी, तेल. निपलच्या आट्यांना किंचित ग्रीस लावून परत बसवा, नाहीतर पुढच्या वर्षी पाना मोडेल पण निपल हलणार नाही. हात साबणाने धुवा, केपांत शिशाची संयुगं असतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागून बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली तर हे सगळं करूनच द्या, निपलवर केप नाही, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची नाही, आत घाम धरतो, सुती कापडात द्या आणि पावती घ्या. परत आली की पहिला बार टाकण्याआधी गजाची रेघ, पिन आणि आंब्याचं पान, याच क्रमाने.