उंची मोजा, वेग कळेल: खेळातून स्थितिज आणि गतिज ऊर्जा

सूत्रं पाठ असूनही पोरं स्थितिज (उंचीमुळे असलेल्या) आणि गतिज (वेगामुळे असलेल्या) ऊर्जेच्या धड्यात अडकतात, कारण वेग हाताने मोजता येत नाही. उंची मात्र टेपने मोजता येते. म्हणून सुरुवात उंचीपासून करावी. टेनिस बॉल, टेप, खडू आणि मोबाईल एवढं सामान पुरतं.

आधी बॉलचं वजन करा. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर काम होतं. टेनिसचा नियमातला बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. गल्ली क्रिकेटचा जड बॉल याहून बराच जास्त भरतो, तेव्हा अंदाजाने आकडा धरू नका. मग शहाबादी फरशीच्या अंगणात भिंतीवर जमिनीपासून २ मीटरवर रेघ मारा. सोलापुरात अशी फरशी शोधावी लागत नाही, पण ठोकल्यावर पोकळ वाजणारी टाळा. ती हादरते, बॉलची ऊर्जा खाते आणि उसळी कमी भरते.

बॉलचा तळ रेघेला लावा आणि बोटं नुसती उघडा. जरा जरी खाली ढकललात, तर सुरुवातीलाच गतिज ऊर्जा मिसळली आणि पुढचं गणित चुकलं. मोबाईल स्लो मोशनवर, जमिनीपासून साधारण १ मीटरवर, भिंतीसमोर ठेवा. उभ्याने वरून पाहिलं तर उसळी भिंतीवर आहे त्यापेक्षा खाली दिसते. पाच वेळा बॉल सोडा आणि पाच आकड्यांतला मधला धरा.

आता हिशेब. ५८ ग्रॅम म्हणजे ०.०५८ किलो, हे रूपांतर विसरलं की उत्तर हजारपट येतं, आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. वजन × गुरुत्व त्वरण (९.८) × उंची, म्हणजे ०.०५८ × ९.८ × २ = १.१४ ज्यूल, ही वरची स्थितिज ऊर्जा. जमिनीला टेकायच्या क्षणी ती जवळपास सगळी गतिज झालेली असते. वेग काढायला २ × ९.८ × २ चं वर्गमूळ घ्या: सेकंदाला ६.३ मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर. यात वजन कुठेच आलं नाही, हे मुलांना थांबून दाखवा.

बॉल १.१ मीटर उसळला तर ०.६३ ज्यूल परत आली, म्हणजे ५५ टक्के. उरलेली रबर दबताना उष्णतेत आणि थोडी आवाजात गेली; वहीत ‘नष्ट झाली’ असं लिहू देऊ नका. तोच बॉल सोलापूरच्या होम मैदानाच्या मातीत टाकून पाहा, टक्का लगेच घसरतो. मे महिन्यात दुपारी उन्हात ठेवलेला बॉल सकाळपेक्षा जास्त उसळतो, म्हणून सगळी मापं एकाच वेळी घ्या.

झेलाचं गणितही उंचीवरूनच सुटतं. १६० ग्रॅमचा सीझन बॉल (क्रिकेटचा चामडी बॉल) २० मीटर उंच गेला, तर हातात येताना त्यात सुमारे ३१ ज्यूल असतात (हवेचा विरोध सोडून). ही ऊर्जा हातांनी शोषायची असते. हात १० सेंटीमीटर मागे गेले तर सरासरी बल ३१० न्यूटनच्या आसपास, म्हणजे ३२ किलोचा भार तळव्यावर. हात ४० सेंटीमीटर मागे घेतले तर तेच बल ८ किलोवर येतं. हात ताठ ठेवणाऱ्याची बोटं सुजतात आणि झेलही सुटतो, त्याचं कारण हेच.

खो-खोत उंची नाही, तिथे वेगच धरावा लागतो. ४० किलोचा मुलगा सेकंदाला ४ मीटरने धावतो तेव्हा त्याच्याकडे ३२० ज्यूल असतात. थांबून वळला तर ते सगळे गेले, पुन्हा पायांनी तयार करावे लागतात. खांब धरून वळला तर ओढ खांबाकडे, चालीला काटकोनात लागते. दिशा बदलते, वेग बराचसा टिकतो. पण ही ओढ लहान नाही. ८० सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती ८०० न्यूटन होते, जवळपास ८० किलोचा भार, आणि हात व पाय मिळून तो पेलतात. त्यासाठी अंग खांबाकडे झुकलेलं हवं. खांबाजवळची माती कोरडी, भुसभुशीत असली की आधी पाय सरकतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. सरावाआधी तेवढ्या पट्ट्यात पाणी शिंपडून माती दाबून घ्या.