जुन्या विमा पॉलिसीतून जमिनीच्या सफाईचा खर्च: विमा कंपनीला पत्र धाडण्याआधीची तयारी

अमेरिकेत ज्यांच्याकडे जुनी ड्रायक्लीनिंगची जागा, छोटा शॉपिंग प्लाझा किंवा कारखान्याची शेड आहे आणि जमिनीखाली पर्क सापडल्याचं पर्यावरण खात्याचं पत्र ज्यांना आलंय, त्यांच्यासाठी ही तयारी. पर्क म्हणजे ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे धुण्याचं द्रावण. ते पाण्याहून जड असतं, म्हणून तळाशी जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं भूजलात विरघळत राहतं. पिण्याच्या पाण्यात त्याची केंद्रीय मर्यादा लिटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. १९८० च्या सुपरफंड कायद्यानुसार गळती कुणीही केलेली असो, आजचा मालकही खर्चाला बांधील ठरू शकतो. हा खर्च छोट्या मालकाला बुडवू शकतो, म्हणून तो उचलू शकणाऱ्या जुन्या विमा पॉलिसींचे कागद शोधण्याचे कष्ट घ्यायलाच हवेत.

कोणत्या वर्षांचे कागद हवेत, हे आधी पक्कं करा. जुनी सर्वसाधारण दायित्व पॉलिसी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीची जबाबदारी उचलणारी पॉलिसी, 'घटने'वर चालते. नुकसान ज्या वर्षी होत होतं त्या वर्षीची पॉलिसी लागू होते, मग हप्ते चाळीस वर्षांपूर्वी का थांबलेले असेनात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रदूषण वगळणारं कलम आलं, पण 'अचानक आणि अपघाती' गळतीला त्यात सूट होती. त्या दोन शब्दांच्या अर्थावर राज्याराज्यांतल्या न्यायालयांचं एकमत नाही. १९८६ च्या नमुन्यात सूटही गेली. म्हणून १९८६ च्या आधीचं सगळं शोधायचं आणि त्यातही १९७० च्या आधीचं जास्त जपायचं. इंडियानात मात्र नंतरच्या पॉलिसीही टाकू नका. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कायगर खटल्यात हे कलम संदिग्ध ठरवलं आहे.

मग एक तक्ता करा: कोणत्या वर्षी जमीन कुणाची, दुकान कोण चालवत होतं, आणि त्याची कंपनी कोणत्या नावाने नोंदलेली होती. फेज वन अहवालात, म्हणजे जागेच्या जुन्या वापराच्या पर्यावरणीय तपासणीच्या अहवालात, सॅनबॉर्नचे जुने अग्निविमा नकाशे आणि शहराच्या डिरेक्टऱ्या असतात, त्यातून वर्षं मिळतात. हा तक्ता टाळून चालत नाही, कारण पॉलिसी जमिनीला चिकटलेली नसते. ज्याचं नाव तिच्यावर आहे, ती त्याची. तुम्ही फक्त इमारत आणि यंत्रं विकत घेतली असतील, तर जुन्या मालकाची पॉलिसी आपोआप तुमची होत नाही. तेव्हा मार्ग वेगळा: जुन्या चालकावर दावा लावायचा, म्हणजे त्याच्या विमा कंपनीला त्याच्या बचावाला उभं राहावं लागतं. जुना भाडेकरारही वाचा. त्यात भाडेकरूने घरमालकाचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालावं, अशी अट बऱ्याचदा असते.

कागदांचा शोध हे सगळ्यात वेळखाऊ काम. मूळ पॉलिसी क्वचितच हाती लागते, पण तिच्या अस्तित्वाचे पुरावे चालतात. खातेवही, वटलेले चेक, हिशेबनिसाची फाइल, गहाणखताच्या वेळी बँकेने मागितलेलं विमा प्रमाणपत्र, जुन्या ब्रोकरचं दप्तर, हे सगळं पाहा. सर्वात कामाचा कागद भलतीकडेच असतो: १९७८ साली दुकानात घसरून पडलेल्या गिऱ्हाइकाच्या दाव्याची फाइल. तपासनीसाच्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत टाइप केलेली असते. असे खटले काउंटीच्या न्यायालयातही सापडतात. दुकान लष्करी तळाचे किंवा नगरपालिकेचे कपडे धूत असेल, तर त्या कंत्राटासोबत प्रमाणपत्र जोडलेलं असण्याची शक्यता मोठी. आगीची पॉलिसी लोक जपून ठेवतात. ती इथे उपयोगाची नाही, पण तिच्यावरून ब्रोकरचं नाव कळतं. क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं नीट उतरवून घ्या, त्यांवरून पॉलिसीचा प्रकार ओळखता येतो. मूळ कागदावर पेनाने काहीही लिहू नका. स्कॅन करा आणि कुठे सापडला ते वेगळं नोंदवा.

कंपनीचं आजचं नाव शोधा. एट्ना कॅज्युअल्टी १९९६ मध्ये ट्रॅव्हलर्सकडे गेली. होम इन्शुरन्स २००३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. अशा वेळी राज्याच्या हमी निधीचे (बुडालेल्या विमा कंपनीचे दावे भागवणाऱ्या निधीचे) नियम आणि दाव्याची शेवटची तारीख तपासावी लागते.

आता पत्र. एकाच कंपनीला नको. सापडलेल्या प्रत्येक कंपनीला, प्रत्येक वर्षासाठी, मूळ आणि अंब्रेला (मूळ पॉलिसीची मर्यादा संपल्यावर लागू होणारी) अशा दोन्ही पॉलिसींखाली पाठवा. खात्याचं पत्र जोडा, बचावाची मागणी स्पष्ट शब्दांत करा आणि त्यांच्या दप्तरातली पॉलिसीची प्रत मागा. गळती कधी, कशी झाली याचे अंदाज पत्रात लिहू नका, माहीत आहे तेवढंच लिहा. सर्वात जास्त पैसे इथे बुडतात: कंपनीला कळवण्याआधी केलेला खर्च 'स्वेच्छेने केलेला' म्हणून नाकारला जातो. त्यामुळे सल्लागाराला कामाचा हुकूम देण्याआधी पत्र गेलेलं असावं. कुणाच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल तर काम अडवू नका, पण त्याच दिवशी कळवा. कॅलिफोर्नियात आणखी एक अडचण आहे. १९९८ च्या निकालानुसार खात्याचं नुसतं पत्र म्हणजे खटला नव्हे, त्यामुळे पॉलिसीत फक्त 'खटल्या'चाच बचाव लिहिलेला असेल तर कंपनी हात वर करू शकते. तिथे विमाधारकांची बाजू लढवणारा वकील आधीच गाठा.

भूजलाचा नमुना हाताशी ठेवा. स्वतःच्या मालमत्तेचं नुकसान पॉलिसी भरत नाही, आणि नुसती माती दूषित असेल तर कंपनी तेवढ्यावर बोट ठेवते. दूषण पाण्यात उतरलंय किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत गेलंय हे प्रयोगशाळेच्या अहवालाने दाखवता आलं, तर तो आक्षेप बराच कमकुवत होतो.

उत्तर बहुधा 'हक्क राखून' येतं, म्हणजे कंपनी आता बचाव करते पण पुढे नकार देण्याचा हक्क ठेवते; त्याने खचू नका. बचावाचा खर्च जुन्या पॉलिसींत सहसा भरपाईच्या मर्यादेतून वजा होत नाही, वेगळा मिळतो, आणि बऱ्याच राज्यांत तपासणीचा खर्च बचावातच धरला जातो. म्हणून पहिल्या बिलापासून तपासणी, सफाई आणि वकील असे तीन वेगळे हिशेब ठेवा. एकत्र बिलं आली की कंपनी सगळीच अडकवते.

तडजोडीत कंपनी पॉलिसीच परत विकत घ्यायला बघते. सही केली की पुढचे सगळे दावे त्या पैशातूनच भागवायचे. म्हणून त्याआधी शेजारच्या दुकानांतली हवा तपासून घ्या. जमिनीतून वर येणाऱ्या पर्कच्या वाफेचे दावे बऱ्याचदा सर्वात शेवटी येतात.