कार्यकारी मंडळाचा कायद्याचा वर्ग: संस्थेचं कपाट उघडून एक दिवस

महाराष्ट्रातली बहुतेक वाचनालयं, महिला मंडळं, व्यायामशाळा आणि मुंबईतली ग्रामस्थ मंडळं दोन कायद्यांखाली नोंदलेली असतात. एक संस्था नोंदणी अधिनियम १८६०, ज्याखाली संस्था काढायला किमान सात जण लागतात. दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, ज्याचा नोंदणी क्रमांक संस्थांच्या बाबतीत ‘एफ’ या अक्षरानं सुरू होतो. कार्यकारी मंडळावर निवडून आलेला माणूस या दुसऱ्या कायद्याच्या नजरेत विश्वस्त असतो. संस्थेच्या मालमत्तेची आणि हिशेबाची जबाबदारी त्याच्यावर येते. पण निवडून आल्याच्या दिवशी हार घालतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

गोव्यात १९५० चा हा कायदा लागू नाही, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांविषयी, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी, पुढे जे आहे ते महाराष्ट्रापुरतं.

वकिलांना किंवा सनदी लेखापालांना बोलावून दोन तासांचं व्याख्यान ठेवलं तर सगळे माना डोलावतात आणि आठवड्यात विसरतात. प्रशिक्षण संस्थेच्या स्वतःच्या कागदांवर घ्या. बोलावलेल्या तज्ज्ञानं बाजूला बसावं आणि अडेल तिथे बोलावं. पाच-सहा तास पुरतात. फक्त अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार नकोत, सगळं मंडळ हवं. कार्यालयात कागद सांभाळणारी व्यक्तीही हवीच, कारण काय हरवलंय ते तिलाच माहीत असतं.

आधीच्या आठवड्यात काय जमवायचं

दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, घटना व नियमावलीची प्रमाणित प्रत, परिशिष्ट-१ चा ताजा उतारा, सभासद नोंदवही, कार्यकारी मंडळाचं आणि सर्वसाधारण सभेचं अशी दोन इतिवृत्त पुस्तकं, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, चालू पावतीपुस्तक आणि बँकेत सह्यांचा अधिकार कुणाला आहे तो ठराव.

यातला परिशिष्ट-१ चा उतारा सर्वांत महत्त्वाचा. धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी तुमच्या संस्थेचे विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते त्यात दिसतं. प्रत्यक्ष काम पाहणारं मंडळ आणि उताऱ्यावरचं मंडळ वेगळं निघालं, तर दिवसाचा निम्मा वेळ कुठे द्यायचा ते तिथेच ठरलं. घटनेची प्रत सापडत नसेल तर फोटोकॉपीच्या फोटोकॉपीवर भागवू नका. नोंदणी कार्यालयातून नक्कल मागवा आणि ती हातात आल्यावरच वर्गाची तारीख ठरवा.

पहिला दीड तास: घटना मोठ्यानं वाचा

एकानं वाचायची, बाकीच्यांनी आकडे लिहून घ्यायचे. मंडळावर किती जण, मुदत किती वर्षांची, वार्षिक सभेची सूचना किती दिवस आधी, ती कशी पाठवायची, गणपूर्ती किती, तहकूब सभा कधी घ्यायची, घटनादुरुस्तीला किती बहुमत. हे सगळं एका कागदावर आलं की तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

वाचताना दोन ठिकाणी हमखास अडखळायला होतं. जुन्या घटनांमध्ये ‘सूचना यू.पी.सी.ने पाठवावी’ असं असतं. यू.पी.सी. म्हणजे पत्र टपालात टाकल्याचा दाखला मिळायचा ती सेवा. टपाल खात्यानं ती २०११ मध्ये बंद केली. अशा वेळी ‘आता व्हॉट्सॲप आहेच’ म्हणून मोकळं होऊ नका. घटनेत व्हॉट्सॲप किंवा ईमेलची तरतूद नसेल तर तो मार्ग पुढे वादात टिकवणं अवघड जातं. घटना दुरुस्त होईपर्यंत हस्तपोच देऊन सही घ्या किंवा स्पीड पोस्टनं पाठवून पावत्या जपा.

दुसरं म्हणजे मुदत. तीन वर्षांची मुदत संपून दोन वर्षं झालेली असतात आणि निवडणूकच झालेली नसते. नवं मंडळ येईपर्यंत जुन्यानं काम पाहावं असं घटनेत लिहिलेलं असेल तर त्याच मंडळानं लगेच निवडणुकीची सभा बोलवावी. तसं लिहिलेलं नसेल, तर सभा बोलावण्याच्या अधिकारावरच उद्या बोट ठेवलं जाईल. तिथे १९५० च्या कायद्याच्या कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागण्याचा मार्ग आहे. तो अर्ज वकिलांकडून करून घ्या.

संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ पाळावं लागतं. प्रस्ताव सभासदांना दहा दिवस आधी, विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, आणि एक महिन्याच्या अंतरानं दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन-पंचमांश. एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन सभा दाखवलेली इतिवृत्तं इथेच पडतात.

सभासद कोण, ते आधी मोजा

नोंदवही उघडून एकेक नाव वाचा. मयत कोण, राजीनामा कुणी दिला, वर्गणी कुणाची थकली. १८६० च्याच कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेल्या माणसाला मत देता येत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. याचा गणपूर्तीवर थेट परिणाम होतो. समजा नोंदवहीत ६० नावं आहेत आणि गणपूर्ती एक-तृतीयांश आहे, तर २० जण लागतात. पण त्यातल्या १९ जणांची वर्गणी चार महिने थकली असेल तर पात्र सभासद ४१, आणि गणपूर्ती १४.

वर्गणी थकली म्हणून नाव परस्पर कापू नका. सभासदत्व रद्द करण्याची पद्धत घटनेत असते. बहुधा आधी नोटीस, मग मंडळाचा ठराव. ती पाळेपर्यंत तो माणूस फक्त त्या सभेपुरता मताला अपात्र असतो. निवडणुकीच्या तोंडावर नवे सभासद भरणं हीसुद्धा वादाची मोठी जागा आहे. प्रत्येक नव्या सभासदाचा अर्ज, वर्गणीची पावती आणि मंडळानं त्याला प्रवेश दिल्याचा ठराव, या तिन्हींच्या तारखा एका ओळीत बसल्या पाहिजेत. पावती मार्चची आणि ठराव जुलैचा असेल तर तो माणूस केव्हापासून सभासद, यावरून भांडण ठरलेलं.

सूचना: दिवस कसे मोजायचे

आता प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि पुढच्या वार्षिक सभेची सूचना लिहायला सांगा. सभेचा प्रकार, वार, तारीख, वेळ, पूर्ण पत्ता आणि विषय. घटनेत ‘१५ दिवस आधी’ असेल तर सूचना पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मोजा. सभा १८ ऑगस्टला असेल तर सूचना उशिरात उशिरा २ ऑगस्टला गेली पाहिजे. मधले ३ ते १७ हे पंधरा दिवस पूर्ण मिळतात. टपालानं पाठवत असाल तर आणखी आठवडा आधी.

विषयांमध्ये शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक सूचनेत असते. तिच्याखाली आभार माना, हवं तर पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरवा. मंडळाची निवड, घटनादुरुस्ती, जागेचा व्यवहार, एखाद्याला काढून टाकणं, हे तिच्याखाली घेऊ नका. घरी राहिलेल्या सभासदाला विषय माहीत असता तर तो आला असता, असं तो म्हणणार आणि त्याचं म्हणणं बरोबर असणार.

सूचना पोचल्याचा पुरावा जपणं हे खुद्द सूचनेइतकंच मोलाचं. हस्तपोच दिल्यास नाव, तारीख आणि सही असे तीन रकाने. सही दुसऱ्यानं घेतली असेल तर त्याचं नातं लिहा: ‘मुलगा’, ‘सून’. सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच वळणाच्या दिसल्या की आक्षेप घेणाऱ्याचं काम सोपं होतं.

इतिवृत्त

बहुतेक पुस्तकांत निवडणुकीची नोंद अशी असते:

‘सभेत नवीन कार्यकारी मंडळ सर्वानुमते निवडण्यात आले. चहापानानंतर सभा संपली.’

यातून काहीच सिद्ध होत नाही. तीच नोंद अशी हवी:

‘विषय क्र. ४: सन … ते … या मुदतीसाठी कार्यकारी मंडळाची निवड. घटनेच्या नियम क्र. … नुसार ११ जागा. मुदतीत ११ अर्ज आले, छाननीत सर्व वैध ठरले. जागांइतकेच अर्ज असल्याने निवडणूक अधिकाऱ्यांनी पुढील ११ जणांना बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर केले: (पूर्ण नावे). ठराव क्र. ४. सूचक: …, अनुमोदक: …. ठराव सर्वानुमते मंजूर.’

वरती हजेरी हवी, म्हणजे पात्र किती, हजर किती, गणपूर्ती झाली का. ती झाली नसेल तर सभा किती वाजता तहकूब केली आणि किती वाजता पुन्हा सुरू केली. मतदान झालं असेल तर बाजूची, विरोधातली आणि तटस्थ मतं आकड्यांत. कुणी विरोध नोंदवायला सांगितला तर त्याच्या शब्दांत नोंदवा. विरोध लिहिल्यानं इतिवृत्त कमकुवत होत नाही, उलट सभा खरोखर झाली हे त्यातून दिसतं.

पुस्तक बांधीव असावं आणि पानांना छापील क्रमांक असावेत. मध्ये कोरं पान सोडू नका. सुटे छापील कागद चिकटवायचेच असतील तर प्रत्येक जोडावर अध्यक्षांची अर्धी सही कागदावर आणि अर्धी पुस्तकावर येऊ द्या. खाडाखोड झालीच तर एका रेघेनं खोडा आणि शेजारी सही करा. पांढरी शाई वापरू नका.

नव्वद दिवस

विश्वस्त बदलले, कुणी वारलं, राजीनामा दिला, पत्ता बदलला, संस्थेनं जागा घेतली, तर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो बदल घडल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. १८ ऑगस्टला निवड झाली तर शेवटचा दिवस १६ नोव्हेंबर. दिवाळी बहुधा याच काळात येते. म्हणून अर्ज सप्टेंबरातच तयार ठेवा.

अर्ज अनुसूची ३ च्या नमुन्यात. सोबत सूचनेची प्रत, पोचल्याचे पुरावे, इतिवृत्ताची आणि हजेरीची सत्यप्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, शपथपत्र, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले. मुदत उलटली तर उशिराचं कारण देऊन विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. ‘माहिती नव्हती’ हे कारण दुबळं असतं. आजारपण, कागद जुन्या सचिवांच्या ताब्यात असणं, अशी पुराव्यासह सांगता येणारी कारणं लिहा.

चेंज रिपोर्टांची साखळी असते. आधीच्या मंडळाचा बदलच मंजूर नसेल तर त्या मंडळानं बोलावलेल्या सभेतून आलेल्या तुमच्या मंडळाचा अर्जही अडकतो. उताऱ्यावर १५ वर्षांपूर्वीची नावं असतील तर मधल्या प्रत्येक निवडणुकीचा अर्ज शोधा. दाखल झाला होता का, क्रमांक काय, निकाल लागला का, की कुणी हजर न राहिल्यानं निकाली काढला. वर्गातच फळ्यावर एक तक्ता करा आणि जिथे कडी तुटली आहे तिथपासून कामाला लागा. बँक सह्या बदलायला हाच उतारा मागते, त्यामुळे हे काम टाळलं तर एक दिवस पगाराचे धनादेश अडतात.

पैसा आणि जागा

रोजची कीर्द, प्रत्येक खर्चाचं व्हाउचर, अनुक्रमांकाची पावतीपुस्तकं. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवा. मंडळातल्याच कुणाच्या दुकानातून खरेदी करायची असेल तर आणखी दोन दरपत्रकं घ्या, त्या सदस्यानं चर्चेच्या वेळी बाहेर जावं आणि तो बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करा. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला ८०जी ची प्राप्तिकर सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्यापूर्वीच सांगा.

संस्थेची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं देणं, आणि कुठलीही स्थावर मालमत्ता विकणं, अदलाबदल करणं किंवा बक्षीस देणं यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते (१९५० चा कायदा, कलम ३६). कर्ज काढायलाही लागते (कलम ३६अ). सर्वसाधारण सभेचा एकमुखी ठराव या परवानगीची जागा घेत नाही.

परदेशातल्या मराठी माणसांकडून देणगी येणार असेल तर त्यांचं नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलेला माणूस मात्र परदेशी नागरिक असतो. त्याच्याकडून एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, तो संस्थापकांचा नातू असला तरी.

कर्मचारी दहा किंवा जास्त असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा.

शेवटचा अर्धा तास: तारखा वाटून द्या

भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि प्रत्येक तारखेपुढे एका माणसाचं नाव लिहा. फेब्रुवारीअखेर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक, कारण ते आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी सादर करायचं असतं. ३१ मार्चला शिल्लक रोख मोजून दोघांच्या सह्या. ८०जी असलेल्या संस्थांनी ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण. ३० सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात. वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी संस्था निबंधकांकडे. हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर करणं हे १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ड खाली विश्वस्ताला पदावरून दूर करण्याचं एक कारण आहे, हे खजिनदारानं एकट्यानं नाही, सगळ्यांनी ऐकावं.

१२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी नोंदणी) आणि ८०जी पूर्वी एकदा मिळालं की कायमचं असे. २०२१ पासून ते मुदतीचं झालं आहे. प्रमाणपत्रावरची अखेरची तारीख वाचा आणि नूतनीकरणाच्या अर्जासाठी तिच्या सहा महिन्यांहून थोडं आधी एक खूण करा.

वर्ग संपताना पुढची तारीख ठरवा, तीन महिन्यांनंतरची, दोन तासांची. त्या दिवशी नवा उतारा, दुरुस्त केलेली सभासद यादी आणि मधल्या काळातली इतिवृत्तं टेबलावर ठेवायची.