तरुण पेशंट आणि अचानक गेलेली नजर: सीटीआधी टॉर्च

पंचविशीतला पेशंट "डॉक्टर, एकदम दिसेनासं झालं" म्हणत आला की कॅज्युअल्टीत दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी सीटीचा फॉर्म भरायला घेतं, नाहीतर कुणीतरी विचारतं, "मोबाइल फार बघतोस का?" नव्या ड्युटी डॉक्टरांना माझं सांगणं असतं की आधी टॉर्च आणि दृष्टीचा तक्ता घ्या. ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेची सूज) साध्या सीटीत सहसा दिसत नाही, सुटलेला रेटिनाही (डोळ्याच्या आतला पडदा) त्यावर खात्रीने कळत नाही.

थांबायचं नाही अशा वेळा दोन. डोळ्यात अ‍ॅसिड, चुना किंवा क्लीनर गेलं असेल तर आधी धुवायला घ्या, सलाइन लागेपर्यंत नळाचं पाणी चालेल. आणि मार लागून डोळा पुढे आलाय, दगडासारखा घट्ट लागतोय, नजर उतरत चाललीय, तर मागे रक्त साचतंय. स्कॅनची वाट न बघता सीनियरला बोलवा, लॅटरल कँथॉटॉमी (डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब सोडणं) लागेल.

बाकी सगळ्यांना पहिला प्रश्न: एक डोळा की दोन्ही? उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. दोन्ही डोळ्यांतली डावी बाजू गेलेला माणूस बऱ्याचदा "डावा डोळा गेला" असंच सांगतो. एकेक डोळा तळहाताने झाकायला लावा (बोटांच्या फटीतून लोक बघतात). दोन्हीकडे तीच बाजू गेली असेल तर बिघाड मेंदूच्या बाजूला आहे. मायग्रेनची नागमोडी चमकती रेघ हळूहळू पसरते आणि ५ ते ६० मिनिटांत ओसरते. एका क्षणात गेलेली बाजू मात्र स्ट्रोक धरूनच चाला, वय काही का असेना.

मग तक्ता. चष्मा असेल तर लावून. घरी राहिला असेल तर पुठ्ठ्याला जाड सुईने भोक पाडून त्यातून वाचायला सांगा. भोकातून सुधारलं तर बराचसा मामला नंबराचा. सगळ्यात वरचं अक्षरही दिसत नसेल तर बोटं मोजणं, मग हलता हात, मग नुसता प्रकाश. "नजर कमी" असं मोघम लिहू नका, आकडा लिहा (६/६ म्हणजे नॉर्मल).

आता खरी परीक्षा. दिवे मंद करा, पेशंटला लांब भिंतीकडे बघायला सांगा, कारण जवळ बघितलं की बाहुल्या आपोआप आकसतात. चांगल्या डोळ्यावर टॉर्च दोन-तीन सेकंद, तिथून झटकन दुसऱ्यावर, पुन्हा परत. आजारी डोळ्यावर उजेड आला की बाहुली आकसायची सोडून सावकाश मोठी होताना दिसते. हा आरएपीडी, म्हणजे एका डोळ्याच्या उजेडाला बाहुल्यांचा कमी प्रतिसाद. तो कुणालाही ठरवून आणता येत नाही. सापडला तर दोष ऑप्टिक नर्व्हमध्ये किंवा रेटिनाच्या मोठ्या भागात. बाहुली मोठी करणारे थेंब याच्या आधी घातलेत तर ही खूण गेलीच. शेवटी औषधाच्या बाटलीचं लाल टोपण एकेक डोळ्यासमोर धरून विचारा, "लाल सारखाच दिसतो?" ऑप्टिक न्यूरायटिसवाली मुलगी जरा थांबते आणि म्हणते, "इकडे विटलेला वाटतो."

नजर काही तासांपासून काही दिवसांत उतरलेली, डोळा फिरवताना दुखतो, रंग फिका आणि आरएपीडी आहे, एवढं जुळलं की फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग) नॉर्मल दिसला तरी निर्धास्त होऊ नका. अशा साधारण दोन तृतीयांश पेशंटमध्ये तो नॉर्मलच असतो. मेंदू आणि ऑर्बिटचा (डोळ्याच्या खोबणीचा) कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो. आणि "तोवर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू करू" हा मोह टाळा: १९९२ च्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्यांनी आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं होतं. शिरेतून दिलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनने नजर लवकर परतते, शेवटी परतणारी नजर साधारण तेवढीच. दोन्ही डोळे एकदम गेले असतील तर एनएमओ आणि मॉगच्या (प्रतिकारशक्ती नसेवरच उलटते असे आजार) अँटीबॉडी तपासायला पाठवा, तिथे उपचाराला उशीर परवडत नाही.

न दुखता, सेकंदांत, एकच डोळा गेला तर रेटिनाची धमनी बंद झालीय असं समजा आणि स्ट्रोक टीमला बोलवा. तरुणात कारण शोधावं लागतं: हृदयातली गुठळी, मानेतल्या धमनीचं डिसेक्शन (आतलं अस्तर फाटणं), अँटीफॉस्फोलिपिड (गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडी), सिकल सेल. चेहऱ्यावर फिलर (सुरकुत्या भरायचं इंजेक्शन) घेतलंय का तेही विचारा, स्वतःहून कुणी सांगत नाही. चमका, काळे ठिपके आणि कडेने सरकत येणारी सावली म्हणजे रेटिना सुटतोय. मध्यभागाची नजर अजून शाबूत असेल तर घाई कमी नाही, उलट जास्त, कारण वाचवण्यासारखं अजून आहे.

दोन्ही डोळे धूसर, "बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतंय" आणि श्वास जोरात चाललाय, तर काय प्यायलं ते विचारा आणि ब्लड गॅस करा. मिथेनॉल (विषारी दारूतलं) वाटलं तर अहवालासाठी न थांबता त्यावरचा उतारा फोमेपिझोल, ते नसेल तर इथेनॉल, आणि नेफ्रॉलॉजीला फोन. गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई असेल तर आधी बीपीचा पट्टा. वाकलं की क्षणभर अंधारी आणि डोकेदुखी असेल तर ऑप्टिक डिस्क (डोळ्यात नस शिरते ती जागा) बघा. सुजलेली असेल तर मेंदूच्या शिरांचा स्कॅन झाल्याशिवाय एलपी (पाठीतून पाणी काढणं) नको. टोपिरामेट (फिट आणि मायग्रेनची गोळी) नुकतं सुरू केलेल्या पेशंटचे दोन्ही डोळे दुखून धूसर झाले असतील तर डोळ्यांचं प्रेशर मोजा, पिलोकार्पिन (बाहुली आकसवणारे थेंब) घालू नका, गोळी कशी बंद करायची ते न्यूरॉलॉजीला विचारा.

सगळं नॉर्मल आणि पेशंट म्हणतो काहीच दिसत नाही? समोर मोठा आरसा धरून हळूच तिरका करा. डोळे प्रतिबिंबामागे सरकले तर नजर आहे. तरी "नाटक" हा शब्द तोंडातून काढू नका. नेत्रतज्ज्ञाची तपासणी त्यालाही हवीच.

ऑन-कॉल नेत्रतज्ज्ञाला "नजर गेलीय, येऊन बघा" असा फोन केलात तर ते सकाळी येतील. "बावीस वर्षांची, उजवा ६/६०, डावा ६/६, उजवीकडे आरएपीडी, तीन दिवसांपासून, डोळा फिरवताना दुखतो, थेंब घातलेले नाहीत" असं सांगा. फोन केल्याची वेळ केसपेपरवर लिहून ठेवा.