आधी माशी पाळा, मग नाव शोधा

प्राणिशास्त्र किंवा कृषी कीटकशास्त्र घेऊन एम.एस्सी.ला आलेली मुलंमुली दरवर्षी विचारतात, ‘मॅडम, फुलपाखरं सगळेच करतात. माश्यांवर काम केलं तर चालेल का?’ चालेल, आणि मराठवाड्यात तर फारच चांगलं चालेल. फक्त जेवणाच्या ताटावर बसणारी घरमाशी तेवढी डोळ्यांसमोरून बाजूला करा. मी बोलतेय ती एक ते पाच मिलिमीटरच्या बारीक माश्यांबद्दल. ज्वारीच्या पोंग्यात, तुरीच्या शेंगेत, न्हाणीघराच्या मोरीवर आणि गुरांच्या डोळ्यांभोवती त्या रोज असतात, पण बहुतेकांनी त्या नीट पाहिलेल्याच नसतात.

लिनियसने १७५८ मध्ये द्विपंखी कीटकांच्या गणाला डिप्टेरा हे नाव दिलं. या गणात पंखांची एकच जोडी उडण्यासाठी असते. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गोळी असलेल्या दोन बारीक दांड्या असतात, त्यांना हॉल्टिअर म्हणतात. उडताना तोल आणि दिशा सांभाळायचं काम त्या करतात. जगभरात या गणाच्या सुमारे १ लाख ६० हजार जातींचं वर्णन झालेलं आहे. डास आणि चिलटं यातच येतात. मधमाशी आणि गांधीलमाशी येत नाहीत, कारण त्यांना चार पंख. कपाशीवरची पांढरी माशी तर मावा-तुडतुड्यांच्या नात्यातली. म्हणून कीटक हाती आला की पहिल्यांदा पंखांच्या मागे ती दांडी आहे का ते बघायचं.

नवीन मुलांची ओढ नावाकडे असते. जाळी फिरवायची, माश्या बाटलीत भरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुळ शोधत बसायचं. मी उलटं सांगते: आधी माशी पाळा. ज्या झाडातून, शेंगेतून, शेणातून ती बाहेर येते ते आणून बरणीत ठेवा आणि ती तुमच्यासमोर बाहेर येऊ द्या. अशा एका माशीबरोबर तिची अळी, कोष, खाद्यवनस्पती, महिना आणि तिच्यावर जगणारे परोपजीवी एवढं सगळं हाती लागतं. जाळीत सापडलेल्या शंभर माश्यांमधून यातलं काहीच कळत नाही.

सुरुवातीला ज्वारीची खोडमाशी घ्या. शास्त्रीय नाव ॲथेरिगोना सोकॅटा, कुळ मस्किडी, म्हणजे घरमाशीचंच कुळ. रोंदानी या इटालियन शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये तिचं वर्णन केलं. रोप उगवून आठवडा झाला की मादी पानाच्या खालच्या बाजूला पांढरं, लांबट, सिगारेटच्या आकाराचं एकेक अंडं चिकटवते. एक-दोन दिवसांत अळी निघते. पहाटे पानावर दव असताना ती घसरत पोंग्यात जाते, वाढीचा कोंब कापते आणि मग त्या कुजणाऱ्या भागावर जगते. मधलं पान वाळतं. ते चिमटीत धरून ओढलं तर अलगद हातात येतं आणि बुडाला कुजका वास येतो. शेतकरी याला पोंगेमर म्हणतात. रोप महिन्याचं झालं की धोका बराच कमी होतो. अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो, त्यामुळे एका हंगामात तुम्हाला तो अनेकदा पाहता येतो.

आता यातला अभ्यासाचा भाग. रब्बीची ज्वारी सप्टेंबरात पेरली तर पोंगेमर जास्त, ऑक्टोबरात पेरली तर कमी. खरिपात उलट, पेरा लांबला की मार बसतो. ज्या वाणाच्या कोवळ्या पानांवर बारीक लव असते आणि पानं चकचकीत असतात, त्यावर मादी अंडी कमी घालते. हे कुठल्याही रानात डोळ्यांनी पडताळता येतं. शेजारशेजारच्या दोन रानांत पेऱ्याच्या तारखा वेगळ्या असतील तर दोन्हीकडे शंभर-शंभर रोपं मोजा. मालकाला आधी विचारा, ‘काका, पेरा कधी केला? बियाणं कोणतं?’ ही माहिती चिठ्ठीवर नसेल तर त्या नमुन्याचा निम्मा अर्थ गेला. रान नुकतंच फवारलेलं असेल तर आत जाऊ नका. आणि ‘औषध कोणतं मारू?’ असं कोणी विचारलं तर स्वतःच्या मनाने उत्तर देऊ नका. तालुक्याच्या कृषी कार्यालयाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवा. शेतकऱ्याचा पैसा आणि पीक दोन्ही त्यात गुंतलेले असतात.

ॲथेरिगोना या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) जाती पुष्कळ आहेत आणि मादीवरून जात सांगणं अवघड असतं. नराच्या पोटाच्या शेवटाला तीन पाकळ्यांसारखा एक भाग असतो, त्याच्या आकारावरून जात ठरते. फिशमीलचा, म्हणजे सुक्या मासळीच्या भुकटीचा सापळा लावला तर माश्या भरपूर येतात, पण बहुतेक माद्या, शिवाय कुजक्या फळांवर वाढणारी ॲथेरिगोना ओरिएंटॅलिसही त्यात येते. सापळ्याचा आकडा तेवढा ज्वारीचा शत्रू असं धरलं तर निष्कर्ष चुकतो. पोंग्यातून पाळलेल्या नराने हा प्रश्न सुटतो. पाळण्यावर मी एवढा भर देते तो यासाठी.

सोयाबीनच्या खोडात पोखरणाऱ्या माशीलाही आपण खोडमाशीच म्हणतो, पण ती मेलानॅग्रोमायझा सोजे, कुळ ॲग्रोमायझिडी. तिची अळी पानात शिरते, शिरेतून देठात, देठातून खोडात उतरते. खोड उभं चिरलं की तांबूस भुयार दिसतं. लातूर-धाराशिवकडे सोयाबीन काढणीच्या आधी चार खोडं चिरून बघा, भुयारात कोष मिळतील. तिचीच नातेवाईक मेलानॅग्रोमायझा ऑब्ट्यूसा म्हणजे तुरीची शेंगमाशी. मला ही सगळ्यांत आवडते. मादी कोवळ्या शेंगेच्या आत अंडं घालते, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. अळी दाणा खाते, आणि पूर्ण वाढली की कोषात जाण्याआधी शेंगेच्या सालीत एक गोल खिडकी कोरते. तिथे पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते, कारण कोषातून निघालेल्या माशीला स्वतः काहीच कुरतडता येत नाही. बाहेर पडायची वाट अळीच्या वयातच तयार करून ठेवायची, हे मी आजवर अनेकदा पाहिलं तरी दर वेळी तेवढंच नवल वाटतं. बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. त्या भागातली मुलं असतील तर त्यांनी हिवाळ्यात ही माशी घ्यावीच.

पाळण्याला खर्च नाही. काचेची किंवा प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी, तळाला ओलसर वाळू, तोंडाला मलमलीचं फडकं आणि रबर. पाणी साचू देऊ नका, बुरशीने सगळं जातं. माशी बाहेर आली की लगेच मारू नका. पंख ताठ व्हायला आणि अंगाला खरा रंग यायला काही तास लागतात. कोवळी माशी वाळवली तर आक्रसते आणि ओळखीच्या खुणा जातात. रिकामं कोषावरण त्याच माशीबरोबर जपा. माशीऐवजी चार पंखांचे बारीक परोपजीवी निघाले तर ‘प्रयोग फसला’ म्हणून फेकू नका, ती वेगळी आणि महत्त्वाची नोंद आहे.

वर्गीकरणाची वाट पंखांवरून जाते. शिरांना नावं देण्याची पद्धत कॉमस्टॉक आणि नीडहॅम यांनी १८९८ मध्ये मांडली, ती आधी पाठ करा. रोज एका पंखाची आकृती काढली तर महिन्याभरात डोळा बसतो. मिशा लांब आणि अनेक मण्यांच्या असतील तर डास-चिलटांची बाजू, मिशा आखूड असतील तर ब्रॅकिसेरा, म्हणजे घरमाशीसारख्या माश्यांचा उपगण. बारीक माश्यांच्या कुळांसाठी पंखाच्या पुढच्या कडेची शीर कुठे तुटते ते बघायचं. ॲग्रोमायझिडीत ती एका जागी तुटते, ड्रोसोफिलिडीत दोन. फळमाश्यांच्या टेफ्रिटिडी कुळात उपकडेची शीर अचानक काटकोनात वळते. कुबड्या अंगाच्या, धावऱ्या फोरिडीत पुढच्या शिरा जाड आणि मागच्या पुसट. मोरीजवळ भिंतीवर बसणारी, पंख केसाळ असलेली पतंगासारखी माशी सायकोडिडी कुळातली. तिची अळी मोरीच्या बुळबुळीत थरात वाढते. ज्वारीच्या फुलोऱ्यातली नारिंगी मिजमाशी सेसिडोमायिडी कुळातली, तिच्या पंखात शिरा अगदी मोजक्या. अळी कोवळा अंडाशय खाते आणि कणसात दाणा भरत नाही.

पाठ्यपुस्तकातली ‘फळमाशी’ ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर, माइगेनने १८३० मध्ये वर्णन केलेली, आंबलेल्या फळावरचं यीस्ट खाते. बागायतदाराची फळमाशी, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, चांगल्या फळाला टोचून आत अंडी घालते. केसर आंब्याच्या बागेत मिथाइल युजेनॉल या नरांना ओढणाऱ्या रसायनाचा सापळा लावतात, त्यात तिचे फक्त नर येतात. मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात.

शेताबाहेरही खूप आहे. संध्याकाळी पैठणला नाथसागराच्या काठी ढगासारखे थवे दिसतात ते कायरोनोमिडी कुळातल्या चिलटांचे, ती चावत नाहीत. त्यांच्या अळ्या लाल असतात, कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं आणि कमी ऑक्सिजनच्या गाळातही त्या तगतात. गोठ्यात चावणारी चिलटं वेगळी, क्युलिकॉइडिस प्रजातीची. मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग त्यांच्यामार्फत पसरतो, आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्यावर काम झालेलं आहे. मुलांच्या आणि गुरांच्या डोळ्यांवर घोंघावणारी सिफन्क्युलिना फ्युनिकोला ही क्लोरोपिडी कुळातली माशी रात्री लोंबत्या दोरीवर, तारेवर दाटीने ओळीत बसते. टॉर्च घेऊन पडवीतली दोरी बघा. करडईवरच्या माव्यात पाय नसलेली हिरवट अळी वळवळताना दिसली तर ती सिरफिड माशीची, मावा फस्त करणारी. तिला मारू नये हे शेतकऱ्याला जरूर सांगा.

जून ते ऑक्टोबर आणि मग डिसेंबर-जानेवारी हे दिवस सोन्याचे. पिवळ्या ताटात साबणाचं पाणी ठेवून बांधावर मांडलं तरी भरपूर मिळतं. मे महिन्यात गोठा, उकिरडा आणि पाण्याची डबकी सोडून बाकी फिरणं फुकट. एवढ्या बारीक माशीला टाचणी आरपार टोचायची नाही. कागदाच्या त्रिकोणी टोकावर तिला कडेने चिकटवायचं. मऊ अंगाच्या माश्या ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठीच्या ९५ टक्क्यांत आणि थंड जागी. संग्रहपेटीला मुंग्या आणि पावसाळ्यातली बुरशी लागते, डांबरगोळ्या बदलत राहा.

मोबाइलवर फोटो काढून ॲपने दिलेल्या नावावर या माश्यांच्या बाबतीत विसंबू नका. जात ठरते ती नराच्या जननेंद्रियांवरून. पोटाचं टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून ग्लिसरीनमध्ये पाहावं लागतं. डीएनए बारकोडिंगची, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याची सोय आपल्याच विद्यापीठात आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातलं पॉल हेबर्ट केंद्र. ज्या हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली, त्यांचंच नाव केंद्राला आहे. पण बारकोड जुळवायला ओळख पटलेला नमुना आधी कोणीतरी ठेवलेला असावा लागतो, आणि आपल्याकडच्या कित्येक कुळांत तोच नाही. जुन्या वर्णनांसाठी एन्रिको ब्रुनेटी यांचे ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टी मालिकेतले १९१२, १९२० आणि १९२३ चे खंड इंटरनेटवर मोफत मिळतात. हा माणूस पेशाने संगीतकार होता. त्यातली बरीच नावं आता बदलली आहेत, म्हणून प्रत्येक नाव सिस्टेमा डिप्टेरोरम या ऑनलाइन सूचीत तपासून घ्या.

नोकरीचं स्पष्टच सांगते. केवळ ‘माश्यांचा वर्गीकरणतज्ज्ञ’ अशी जाहिरात क्वचित निघते. प्राणिशास्त्रवाल्यांनी सीएसआयआर-नेट, कृषीवाल्यांनी एएसआरबी-नेट ही पात्रता परीक्षा द्यावी. भारतीय प्राणी सर्वेक्षण (१९१६ पासून, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात), बंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो, वनस्पती संगरोध (आयात-निर्यातीच्या शेतमालातली कीड तपासणारी यंत्रणा), पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि जिल्हा हिवताप कार्यालयं इथे हे ज्ञान कामी येतं. आरोग्याकडे कल असेल तर पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रातला सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम जरूर बघा. पीएच.डी.साठी एकच कुळ धरा, आणि ते आपल्या भागातल्या पिकाशी जोडलेलं असेल तर मार्गदर्शक आणि निधी दोन्ही लवकर मिळतात.

गौताळ्यासारख्या अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही माशी पकडू नका. नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचा असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ चे नियम आधी वाचा. नवीन जात मिळाली तर त्याच कायद्यानुसार ती कळवून तिचे नमुने ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करावे लागतात; भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यांपैकी एक. पाळलेल्या माशीबरोबर तिचं कोषावरण आणि पेऱ्याची तारीख लिहिलेली चिठ्ठीही जमा करा, आणि संग्रहाचा नोंदणी क्रमांक शोधनिबंधात छापा.